लिंबाला आधी डावीकडे दाखवा

मी आता जे सांगणार आहे ना पोरी, त्यातलं एक अक्षर जरी तुला खरं वाटलं तर तू हरलीस. लाव पैज. या मार्केटात कोणालाही विचार, लिंबूवाली मावशी सकाळी तोंड धुतल्यापासून खोटं बोलते. या पानवाल्याला मी आठ दिवस पटवून दिलं होतं, की मी तरुणपणी सर्कशीत तारेवर चालायचे. तो बायकोला घेऊन आला, माझे पाय दाखवायला.

पण काय आहे, एका जागी इतकी वर्षं बसलं की अंगावर धूळ बसते ना, तसे किस्से बसतात. झटकले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच. त्यात माझी जागा अशी, की किस्सा चाकावर बसून वर येतो.

तो क्रेट ओढ, केळीचा आहे, मोडत नाही. बस.

हे मार्केट आहे ना, याच्या पोटात गाड्या ठेवायची जागा आहे. कोणीही यावं, पावती घ्यावी, गाडी लावावी. चोपड्याचे केळीवाले येतात, जामनेरहून लोक लग्नाचा बस्ता बांधायला येतात. आत जायचं तोंड मागच्या गल्लीत. बाहेर यायचं तोंड हे, इथं, फुटपाथवर. दोन भिंतींच्या मधून चढ वर येतो आणि वर आला की लगेच फुटपाथ. मध्ये दम घ्यायला जागा नाही. गाडी वर येताना तिचं नाक आभाळाकडे असतं. आतल्या माणसाला नुसतं आभाळ दिसतं. मग गाडी धपकन आडवी होते, आणि तेव्हा त्याला कळतं की जळगावात माणसंही राहतात.

०

हे तोंड नवीन उघडलं तेव्हाची गोष्ट. मी त्याच्या आधीपासून इथली. डाव्या भिंतीला पाठ लावून बसायचे, पुढ्यात लिंबाची पाटी.

पहिल्याच आठवड्यात एक गाडी वर आली ती थेट माझ्या पाटीत. चाकाखाली लिंबं फुटली फटाफट. आतून एक साहेब उतरला. मला बघतो, पाटीला बघतो. म्हणे, "आजी, रस्त्यात काय बसता?"

मी म्हटलं, "भाऊ, मी रस्त्यात नाही बसले. मी बसलेलीच होते, मग रस्ता आला."

तो बिचारा खजील झाला. फुटकी लिंबं सगळी पिशवीत भरून घेऊन गेला. मला वाटलं, टाकून देईल कुठं तरी. पंधरा दिवसांनी परत आला, गाडी लांब उभी करून चालत. म्हणाला, "आजी, तशीच लिंबं आहेत का? लोणचं लई मऊ झालं."

०

निंबाआबा म्हणजे या तोंडावरचा वॉचमन. खाकी शर्ट, गळ्यात दोरीला शिट्टी. गाडी वर यायला लागली की फुर्र. माणूस चालत आला की फुर्र. इमानदार इतका, की कुत्रं आडवं गेलं तरी फुर्र.

एकदा एक बँकेतला साहेब फुटपाथवरून चालला होता आणि खालून एक जीप वर येत होती. आबाने शिट्टी मारली. साहेबाला वाटलं, शिट्टी जीपला. जीपवाल्याला वाटलं, शिट्टी साहेबाला. दोघंही निवांत पुढं आले. बंपर गुडघ्याला टेकलं तेव्हा दोघं थांबले, आणि दोघंही आबावरच चिडले.

"तुम्ही शिट्टी मारली ना?"

"मारली," आबा म्हणाला.

"मग?"

"मग तुम्ही दोघं आले."

मी हसले खरी, पण घरी जाताना डोक्यात तेच. सावध राहा असं मोठ्यानं सांगितलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला सांगितलं. कीर्तनात पण तसंच होतं बघ. महाराज म्हणतात लोभ सोडा, आणि सगळा मांडव शेजारच्याकडे बघतो.

०

आता तुळसाबाईचं ऐक. तुळसा म्हणजे निंबाआबाची बायको. तीस वर्षं जिनिंगमध्ये कामाला होती, कापसात. त्या यंत्रांच्या घरघरीत तिचे कान गेले ते गेलेच. आता ढग गडगडला तरी तिला कळत नाही, लोक पळायला लागले की कळतं. आणि ऐकू येत नाही म्हणून स्वतः बोलते ती अशी, की पलीकडच्या चौकातला रिक्षावाला मागं वळून बघतो.

म्हणजे बघ, सगळ्या मार्केटाला आबाची शिट्टी ऐकू येते. एकटीला येत नाही, ती त्याची बायको.

आणि ती रोज एक वाजता त्याचा डबा घेऊन येते. घर त्या बाजूला, डावीकडे. आबाचं स्टूल या बाजूला, पावतीच्या खिडकीजवळ. मध्ये हे तोंड. आबाने तिला किती वेळा हातवारे करून सांगितलं, मी सकाळीच डबा आणत जातो. ती म्हणते, "गार भाकर खाणारा नवरा मला नको." विषय संपला.

मग आबाने त्याचा नियम केला. एक वाजला की तोंडाच्या मधोमध उभा राहायचा, दोन्ही हात पसरून, खाली बघत. "बठ्ठा थांबा रे," सगळ्यांनाच. खाली गाड्यांची रांग. एकदा कापडवाले शेठ रांगेत तिसरे होते. मारवाडी माणूस, दुकान सोडून आला की त्याला घड्याळ दिसतं. काच खाली करून म्हणाले, "आबा, कोण मंत्री चालला का?"

आबाने मान पण वळवली नाही. म्हणाला, "नाही शेठ. भाकर चालली."

शेठ हसले. त्यांनी इंजिन बंद केलं.

०

पण माणूस एकाच ठिकाणी किती वेळ उभा राहील? एक दिवस खाली दोघांच्या गाड्या एकमेकींना घासल्या. कॉलर धरायची वेळ आली, तर आबा सोडवायला खाली गेला. नेमका एक वाजलेला.

मला तुळसा येताना दिसली. पदर डोक्यावर, डबा छातीशी. आणि मला खालून गाडी चढल्याचा आवाज आला. मी ओरडले. काय ओरडले सांगू? "तुळसा, तुळसा." तिला ऐकू येत नाही हे मला वीस वर्षं माहीत, तरी तिच्याच नावाने ओरडले. गाडीवाल्याचे कान धडधाकट होते, त्याला ओरडायचं मला सुचलंच नाही.

गाडीने लुगड्याला चाटलं. डबा उडाला, चाकाखाली गेला, चपटा झाला. भरीत बाहेर आलं, भाकरीवरून चाक फिरलं. गाडीवाला उतरला तो पांढराफटक. हात जोडून उभा राहिला.

तुळसाने आधी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि सगळ्या मार्केटाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "भरीत मी घरनंच ठेचीसन लयनू. तू आखो कसाले ठेची राहिना?" घरी ठेचलेलं भरीत हा परत कशाला ठेचतो, म्हणे.

लोक हसले. गाडीवाला पण हसला आणि हसता हसता रडायला लागला. तुळसानेच त्याला पाणी दिलं.

आबा धापा टाकत वर आला. त्याने तो चपटा डबा उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला, आणि त्या दिवशी जेवला नाही. मी माझ्यातली अर्धी भाकरी दिली होती. ती हातात धरून बसला चार वाजेपर्यंत.

०

आबाने मार्केटच्या कमिटीकडे गतिरोधक मागितला. सेक्रेटरी म्हणाले, ठराव घ्यावा लागेल. दुसऱ्यांदा मागितला. म्हणाले, ठराव घ्यायला बैठक घ्यावी लागेल. मी आबाला म्हटलं, "राहू दे. मी करते."

मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही पुरती नाही. पण माझं दुकान लिंबा-मिरच्यांचं. सकाळी लवकर आले. एक मोठं पिवळंधमक लिंबू घेतलं, चिरलं, त्याला हळद-कुंकू माखलं, वर काळा दोरा, बाजूला चार मिरच्या. आणि ठेवलं तोंडाच्या मधोमध. उताऱ्यासारखं. मग आपली जागेवर येऊन बसले, डोळे मिटून, जप केल्यासारखी.

पहिली गाडी वर आली आणि अशी थांबली, जणू भिंत लागली. दुसरी थांबली. तिसरी थांबली. तिच्यात वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका होते. उतरले, कमरेवर हात ठेवून लिंबू बघितलं. आबा म्हणाला, "काका, लिंबूच आहे, घ्या गाडी."

काका म्हणाले, "भो, मी जन्मभर दारूगोळ्यात काम केलं. हाताने उचलले बॉम्ब. पण यावरून चाक नेणार नाही."

मी पदराच्या आड हसत होते. झाला गतिरोधक, ठराव न घेता.

अकरा वाजेपर्यंत झाला. मग चालणारे लोक वाढले. आता पोरी, ज्या लिंबाला गाडीवाला भितो त्याला पायी जाणारा भिणार नाही का? फुटपाथवरून येणारे लिंबू बघायचे आणि वळसा घालून खाली रस्त्यावर उतरायचे, एसटीच्या पुढ्यात. एकच्या सुमारास एक बाई दोन लेकरांना घेऊन उतरली. माझं हसू तिथंच गेलं. मी उठणार, तेवढ्यात तुळसा आली. तिने लिंबू पाहिलं. ती रस्त्याकडे नाही वळली, ती आतल्या बाजूला वळली. सरळ चढावर, चार पावलं खाली. आबा हात पसरून उभा होता, पण बायको त्याच्या पाठीमागून त्याच्याही पुढं गेली.

मी पळाले. या वयात पळाले आणि लाथ मारून लिंबू उडवलं रस्त्यापलीकडे. पानवाला म्हणाला, "मावशी, आता तुझं काही खरं नाही."

अजून तरी बरी आहे.

पण एक शिकले त्यातून. भीती दाखवली की माणूस थांबतो, हे खरं. पण मग तो त्या भीतीकडेच बघतो. दुसरं काही बघत नाही.

०

मग मला वाटलं, भीती रस्त्यात ठेवण्यापेक्षा गाडीला बांधलेली बरी.

शनिवार होता. शनिवारी माझ्याकडे गर्दी, लिंबू-मिरची बांधून घ्यायला. चोपड्याचा एक तरुण केळीवाला आला, नवी कोरी गाडी, सीटचं प्लास्टिक पण काढलेलं नव्हतं. मी लिंबू बांधलं आणि तोंड गंभीर केलं.

"भाऊ, याला दिशा दाखवावी लागते."

"म्हणजे?"

"खालून वर आलं की तोंडाशी गाडी पूर्ण उभी करायची. आधी डावीकडे दाखवायचं, मग उजवीकडे. मग निघायचं. घाई केली की लिंबू उलटतं."

तो म्हणाला, "मावशी, लिंबाला कुठं डोळे असतात?"

"म्हणून तर. तुम्ही बघायचं. त्याला तुमच्या डोळ्यांनी दिसतं."

त्याला पटलं. मला पण ऐकताना पटलं, इतकं छान जमलं होतं.

आधी डावीकडे का, ते सांगते. इथून बाहेर पडणारा प्रत्येक जण डावीकडे वळतो आणि बघतो उजवीकडे, कारण गाड्या तिकडून येतात. गाडी एकीकडे चालली आणि डोळे दुसरीकडे. पाय टाकायचा आहे तिथं बघायचं नाही, असं आपण घरात तरी चालतो का? आणि तुळसा तर डावीकडूनच येते.

चार शनिवारांत सगळ्या मार्केटाला ठाऊक झालं. ज्याने लिंबू घेतलं नव्हतं तोही थांबायला लागला, कारण पुढचा थांबला म्हणजे काही तरी असणार. जामनेरचे एक रिटायर गुरुजी तर गाडीतून उतरायचे. लिंबू सोडायचे, हातात धरून डाव्या बाजूला नेऊन दाखवायचे, मग उजव्या बाजूला नेऊन दाखवायचे, मग परत बांधायचे. मी म्हटलं, "गुरुजी, गाडीतूनच दाखवलं तरी चालतं."

गुरुजी म्हणाले, "एकदा नीट समजावलं की परत विचारत नाही ते."

एक टेम्पोवाले सलीमभाई आहेत. म्हणाले, "मावशी, मी बिस्मिल्ला म्हणून निघतो. पण लिंबू पण बांधा. टेम्पो मालकाचा आहे."

शेठ मात्र अडून बसले. "मावशी, हमारे में ये नहीं चलता."

मी म्हटलं, "मग लिंबू नका घेऊ शेठ. तोंडाशी थांबून तुमचा नवकार मंत्र म्हणा. अर्धा डावीकडे बघून, अर्धा उजवीकडे बघून."

शेठ विचारात पडले. म्हणाले, "आधा कैसे होगा? दोनों तरफ पूरा बोलूँगा." तेव्हापासून सगळ्यात जास्त वेळ शेठचीच गाडी थांबते. मागचे हॉर्न वाजवतात. शेठ हलत नाहीत. तुळसा त्यांच्या समोरून डबा घेऊन आरामात जाते, आणि शेठ तिला मान पण हलवतात, ओठ मात्र चालूच.

एक डॉक्टरीण बाई होत्या. हुशार. माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "मावशी, हे सगळं थोतांड आहे."

"आहे," मी म्हटलं.

"मग मी कशाला थांबू?"

"नका थांबू. पण तुमच्या पुढची गाडी थांबली आहे."

बाई बघत राहिल्या माझ्याकडे. मग म्हणाल्या, "तुम्हाला वाईट नाही वाटत, लोकांना फसवायला?" मी त्यांना काही तरी गमतीचं उत्तर दिलं, आता आठवत नाही. मी जन्मभर लोकांना फसवलं ते हसायला. पहिल्यांदाच असं झालं होतं, की फसवलं आणि कोणी तरी घरी पोचलं. मला मोठा गर्व झाला होता पोरी. तुळसा तोंड ओलांडून गेली की मी आबाकडे बघून मिशीवर पीळ दिल्यासारखं करायचे. मला मिशी नाही म्हणून, नाही तर खरंच दिला असता.

०

आता शेवटचं सांगते.

या उन्हाळ्यात कमिटीने ठरवलं, तोंडावर भोंगा लावायचा. गाडी वर यायला लागली की भोंगा आपोआप वाजणार. आणि निंबाआबाला खाली, आत येणाऱ्या गाड्यांच्या पावत्या फाडायला बसवायचं. पगार तोच, पंखा वर. कोणीही खूश झाला असता. आबा माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "अक्का, खाली बसून मला वरचं काय दिसणार?"

तुळसाचं नाव त्याने घेतलं नाही. मी पण घेतलं नाही.

दोन दिवसांनी भोंग्याची जागा ठरवायला इंजिनिअर आली. धुळ्याची पोरगी. डोक्याला रुमाल, पायात बूट, हातात टेप. मी तिला हाक मारली. "मॅडम, ज्याला ऐकू येत नाही त्याला भोंगा कसा ऐकवायचा?"

बाकी लोक अशा वेळी हसतात. ती नाही हसली. वही उघडून म्हणाली, "कोणाला ऐकू येत नाही?"

मी सांगितलं. तिने लिहून घेतलं. म्हणाली, दिवा पण लावू, पिवळा, फिरता. आणि गेली नाही. सबंध दिवस समोर उभी राहिली. गाड्या मोजल्या नाहीत, काही नाही, नुसती बघत होती. दुपारी येऊन मला म्हणाली, "आजी, इथं सगळे थांबतात कसे? मी दुसरीकडे कुठं असं बघितलं नाही."

"जळगावचे लोक शहाणे आहेत."

"मी धुळ्याची आहे, मला नका सांगू."

मग मी तिला लिंबाचं सांगितलं. सगळं. चोपड्याच्या केळीवाल्यापासून शेठच्या नवकारापर्यंत. ती पोट धरून हसली, डोळे पुसले. आणि हसणं संपल्यावर म्हणाली, "आजी, उद्या माझ्या गाडीत बसाल का? स्टिअरिंगवर?"

मी कधी बसले नव्हते. एवढ्या वर्षांत एवढ्या गाड्यांना लिंबं बांधली, पण त्या जागी कधी बसले नव्हते. दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून आले. पानवाल्याने माझी पाटी सांभाळली.

तिने गाडी खालून वर आणली आणि जिथं सगळे थांबतात तिथं थांबवली. हँडब्रेक ओढला. चाकांच्या मागं आबाकडून दोन दगड लावून घेतले. मग मला त्या सीटवर बसवलं आणि चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवली. माझा स्वभाव तिला एका दिवसात कळला होता.

बसल्यावर मी आधी हॉर्न वाजवला. ते करणारच.

ती खिडकीपाशी उभी. म्हणाली, "आजी, तुम्ही लोकांना सांगता तसं करा. आधी डावीकडे."

मी डावीकडे बघितलं.

"काय दिसतं?"

"माझी छत्री."

माझी छत्री तू बघितली असशील पूर्वी. सिमकार्डवाल्यांनी टाकून दिलेली, लाल, मांडवाएवढी. जळगावच्या उन्हात त्याशिवाय बसणार कसं? भिंतीला लागून रोवलेली असायची, एका बाजूने खाली झुकवलेली, ऊन तिकडून येतं म्हणून.

"आणि काय दिसतं?"

"छत्रीच."

"नीट बघा."

मी नीट बघितलं. पुढं वाकून बघितलं, मान वर करून बघितलं. लाल कापड, त्याच्यावरचं एक ठिगळ, ते मीच लावलेलं.

"छत्रीच्या मागं कोण आहे, आजी?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

एक वाजला होता.

छत्रीच्या कडेतून आधी डबा बाहेर आला. मग हात आला. मग सगळी तुळसा, डोक्यावर पदर, गाडीच्या नाकापासून दोन हातांवर. मी पाय दाबला, कशावर दाबला मला माहीत नाही, चावी तर त्या पोरीच्या खिशात होती.

तुळसाने मान वळवून गाडीकडे बघितलं, आणि स्टिअरिंगवर मी. तिला इतका आनंद झाला. सगळ्या मार्केटाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "गाडी शिकी राहिनी का वं, अक्का?"

लोक हसले. पानवाला हसला, आबा पण हसला. तुळसा हसत हसत पुढं गेली, डबा हलवत.

मी डावीकडेच बघत बसले होते. त्या पोरीने दार उघडून मला हात दिला. चांगली पोरगी.

छत्री कुठं आहे ते विचारू नको. मी आता या उजव्या भिंतीला बसते, इथं ऊन जरा जास्त लागतं, एवढंच. आबा आता खाली असतो, पंख्याखाली.

ऊठ आता, जा. एक वाजत आला. आणि उठून अशी समोर उभी राहू नको माय, मला तिकडचं दिसत नाही.